फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो आणि तुम्ही मध्ये हसलात, की माझा धागा सुटतो. चहा घ्या, बिस्किटं त्या डब्यात आहेत.

खरं तर मानवतमध्ये हा किस्सा माझ्या आधी सगळीकडे पोचलेला असतो. तरी माझ्याच तोंडून ऐका. बाकीचे त्यात तिखटमीठ घालतात, आणि त्यात आधीच पुरेसं कुंकू पडलेलं आहे.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास होता. तो कुसुमचा, म्हणजे माझ्या बायकोचा. सकाळी शाळेला निघेपर्यंत मी त्या खडखडाटातच पेपर वाचायचो. पुढे तिनं परभणीहून एक कॉम्प्युटर आणला. त्याच्या पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं उमटायची. गावात ही बातमीच झाली. लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे आणि हात जोडावेत की नाही, या विचारात दारातच उभे राहायचे.

कुसुम त्यावर लग्नपत्रिका करून द्यायची. ती मजकूर जुळवून कागदावर छापायची, आणि त्या कागदाचाच फोटो घेऊन प्रेसवाला पत्रिका काढायचा. जे कागदावर तेच पत्रिकेवर, मध्ये कुणी अक्षरांचे खिळे जुळवणारा नाही. म्हणून कागद प्रेसला जाण्याआधी यजमानानं तो वाचून खाली सही करायची, असा तिचा कडक नियम होता. सही झाली की पुढची चूक यजमानाची.

आता माझ्याबद्दल. मी भूगोलाचा मास्तर. शाळेत पृथ्वी फिरवून दाखवायचो, पण घरातला मिक्सर कधी माझ्या हातून धड फिरला नाही. एकदा टाइपरायटरची फीत बदलायला बसलो, तर तिच्यात मीच असा गुंतलो की क्लासच्या दोन मुलींनी मला सोडवलं. तेव्हापासून कुसुम प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी बजावायची, "सर काही दुरुस्त करू म्हणाले, तर त्यांना चहा विचारायचा. नाही म्हणायचं नाही, चहा विचारायचा." मला त्या काळात चहा भरपूर मिळाला. त्याचं कारण कळायला बरीच वर्षं गेली.

कॉम्प्युटर शिकताना नमुना म्हणून तिनं एक पत्रिका केली होती. आमच्या वैशालीच्या लग्नाची. वैशाली तेव्हा दहावीत. वराच्या नावाच्या जागी टिंबं, तारखेच्या जागी टिंबं, आणि वर ठसठशीत 'चि. सौ. कां. वैशाली'. ते बघून पोरगी दोन दिवस आईशी बोलली नाही. कुसुमनं मात्र हौसेनं सगळी पत्रिका पुरी केली. शेवटी अगदी खाली काहीतरी टाइप केलं आणि एकटीच हसली. मी विचारलं, खाली काय लिहिलंस?

"नमुना आहे हो," ती म्हणाली. "चहा घेता का?"

मी घेतला.

कुसुम गेली. त्याबद्दल आज काही सांगत नाही, तो या गोष्टीचा भाग नाही. क्लास बंद पडला नाही, वैशालीनं चालवला, एवढं सांगतो. ही गोष्ट घडली त्या दसऱ्याला तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती, आणि वैशालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा देवगाव फाट्याजवळचा, शाळेत शिक्षक, माणसं साधी. तुळशीचं लग्न उरकलं की यांचं.

जुना कॉम्प्युटर तोवर कण्हायला लागला होता. सुरू केला की चक्कीसारखा आवाज काढायचा, आणि तापला की मध्येच गप्प. तो परत घेऊन नवा द्यायला परभणीचे रशीदभाई तयार झाले. नवा आला, टेबलावर बसला. आता जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं. शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्जांचे नमुने, आणि ती एक पत्रिका.

"बाबा, बाकीचं गेलं तरी चालेल," वैशाली म्हणाली. "पत्रिका आईचीच छापायची."

मी म्हटलं, हो. यापेक्षा जास्त बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

अष्टमीला दिवसभर बसून तिनं सगळं फ्लॉपींवर उतरवून घेतलं. तुमच्यापैकी कुणी पाहिली नसेल तर सांगतो. फ्लॉपी म्हणजे काळं, चौकोनी, पातळ पाकीट. मध्ये एक गोल भोक आणि त्याच्याखाली एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसते. वैशालीनं त्या सगळ्या फ्लॉपी ताटात नीट मांडून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर लग्नाचं कापड घ्यायला परभणीला निघाली. जाताना म्हणाली, "सगळं यात आलंय. रशीदभाईंचा टेंपो आला तर जुना देऊन टाका. आणि बाबा, फ्लॉपींना हात लावू नका."

हात लावू नका. मी हे नीट ऐकलं होतं. पण दुसरा दिवस कोणता होता? खंडेनवमी.

आता तुम्हीच सांगा. खंडेनवमीला हत्याराची पूजा आपल्याकडे कोण करत नाही? शेतकरी कोयता-विळा मांडतो, गवंडी थापी मांडतो, एसटी डेपोत बसला हार घालतात. कुसुम दर वर्षी टाइपरायटरना झेंडूच्या माळा घालायची आणि त्या दिवशी एकाही मशीनला बोट लावू द्यायची नाही. ती गेल्यावर पहिल्या वर्षी पूजा झालीच नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या वर्षी मी केली, पण नुसतीच उरकली. या वर्षी ठरवलं, तिच्यासारखी करायची.

आंघोळ करून सोवळं नेसलो. आधी टाइपरायटर पुसले, मग दोन्ही कॉम्प्युटर. वरून झेंडू वाहिला. इथवर सगळं व्यवस्थित होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक सांगताना हा भाग गाळतात.

मग माझं लक्ष ताटाकडे गेलं. मनात आलं, ही रिकामी मशीनं आपण पूजतोय, आणि तिनं केलेलं सगळं काम तर त्या ताटात आहे. खरी पूजा त्याची व्हायला हवी. आणि हात लावू नका म्हणजे काय, तर खेळू नका. पूजेचा हात हा काही हात लावणं नव्हे.

देव आधी पुसून घ्यावे लागतात, म्हणून ओल्या फडक्यानं एकेक फ्लॉपी पुसली. मग गंध कुठे लावायचं, हा प्रश्न आला. देवाला कपाळ असतं. फ्लॉपीचं कपाळ कोणतं? सगळं पाकीट बंद, आणि नेमकी तेवढीच एक खिडकी उघडी. मला वाटलं, त्यासाठीच ठेवली असणार. प्रत्येक खिडकीत हळद लावली, कुंकू लावलं, त्यावर कुंकवात भिजवलेल्या अक्षता चिकटवल्या. एक फ्लॉपी जरा सुनी दिसत होती, तिला दोनदा लावलं. पंचामृत मात्र घातलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझं शहाणपण म्हणाल तर तेवढंच.

संध्याकाळी टेंपो आला. मी जुन्या कॉम्प्युटरला नारळ दिला. की-बोर्डावरची काही अक्षरं बोटांनी पुसट झाली होती, ती जरा वेळ बघितली, आणि मशीन जाऊ दिलं.

वैशाली उशिरा आली आणि झोपली. खंडेनवमीला मशीन लावायचं नाही, हे तिलाही आईनंच शिकवलेलं. दसऱ्याच्या सकाळी ती नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. मी चहा घेऊन शेजारी उभा. तिनं ताटातली वरची फ्लॉपी झेंडूच्या पाकळ्यांतून उचलली आणि न बघता आत सरकवली.

जात्यात खडा यावा तसा आवाज झाला.

तिनं फ्लॉपी ओढून काढली आणि उजेडात धरली. मग दुसरी बघितली, मग तिसरी.

"बाबा, हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"आणि हे?"

"अक्षता. एक कमी दिसते," मी म्हटलं.

कमी असलेली अक्षता नव्या कॉम्प्युटरच्या पोटात होती. नव्या नवरीला पहिला घास भरवावा, तसा मी त्याला पहिला घास तांदळाचा भरवला होता.

वैशाली ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. फ्लॉपी ताटात परत ठेवून ती हळूच म्हणाली, "पत्रिका यातच होती."

मी चप्पल घालून एसटीडी बूथवर पळालो. रशीदभाई सणाच्या दिवशीही फोनवर सापडले, हे माझं नशीब.

"सरजी, मशीन तो कल रातकूच पालमकू गई," ते म्हणाले. "वो दुकानवाले सेठकू दसऱ्याका मुहूर्त होना था ना."

"आतलं सगळं तसंच आहे?"

"आज हय. कल मेरा आदमी जाके सब साफ करता."

म्हणजे हातात एक दिवस. तोही दसऱ्याचा.

एसटीनं परभणी, तिथून गंगाखेडमार्गे पालम. गाडीत त्या काळी विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरा विषय नसे. पुढच्या बाकावर दोघे तावातावानं बोलत होते, कंडक्टरही तिकिटं सोडून त्यात पडला होता. एरवी मीही सांगितलं असतं, की ते नाव द्यायलाच हवं. त्या दिवशी माझं लक्ष वैशालीकडे होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, मांडीवर एक कोरी फ्लॉपी, पिशवीत, त्यावर पुन्हा टॉवेल गुंडाळून. मी म्हटलं, आण, मी धरतो. तिनं पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली. गंगाखेडला गोदावरी आली, तेव्हा मी सवयीनं हात जोडले.

"बाबा," ती म्हणाली, "आता पूजा पुरे."

घरातून निघाल्यापासून ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

पालमला दुकान शोधावं लागलं नाही. खत-बियाण्यांचं दुकान, बाहेर केळीचे खांब, आणि आत युरियाच्या थप्प्यांपुढे पाटावर आमचा कॉम्प्युटर. गळ्यात एवढा मोठा हार की पडदाच दिसत नव्हता. समोर दुकानाचे मालक गंगाधरराव, फेटा बांधलेला भारदस्त माणूस. डाव्या हातात कुंकवाची वाटी. उजव्या हाताचं कुंकवात बुडवलेलं बोट फ्लॉपीच्या खाचेकडे निघालेलं.

मी काय केलं असेल? दारातूनच धाव घेतली आणि त्यांचं मनगट पकडलं.

गंगाधररावांनी आधी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय करायलाव तुमी? कोण तुमी?"

मी म्हटलं, हे मशीन आमचं आहे.

घाईत माणूस जे बोलू नये तेच आधी बोलतो. त्यांचा चेहरा बदलला. "तुमचं व्हतं. इकलं म्हंजी इकलं. दसऱ्याच्या दिवशी दारात इऊन मशीन वापस मागायलाव? ही कोणती रीत म्हनायची?"

मी सांगू लागलो, की मशीन नको, आतली पत्रिका हवी. ते म्हणाले, पत्रिका कशाची, मशीनमधी पत्रिका कशी राहील, आमी झाडून पुसून घेतलंय, आत काई न्हाई. मी म्हटलं, दिसत नाही पण आहे. ते मागच्या माणसाला म्हणाले, ह्यांना पानी द्या, उन्हातून आल्यात. मनगट मी अजून धरलेलंच होतं.

शेवटी वैशाली पुढे झाली. गंगाधररावांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, माझं लग्न आहे. माझी आई नाही. तिनं माझी पत्रिका करून ठेवली होती, ती यात राहिलीय. अर्धा तास बसू द्या, मग मशीन तुमचं."

गंगाधररावांनी वाटी खाली ठेवली.

"आन् हे कोन?" त्यांनी माझ्याकडे मान वळवून विचारलं.

"हे बाबा. फ्लॉपीला यांनी कुंकू लावलं, म्हणून सगळं गेलं."

"तसं झालं व्हय," असं म्हणून ते बराच वेळ आपल्या कुंकवाच्या बोटाकडे बघत राहिले. मग गुपचूप ते बोट धोतराला पुसलं.

हार काढला. वैशालीनं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी लाइट गेली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन हात लांब उभा होतो, देवाशपथ.

लाइट येईपर्यंत गंगाधररावांनी आम्हाला आत नेऊन जेवायला बसवलं. त्यांच्या बायकोनं वैशालीच्या पानात पुरणपोळी वाढली, वरून तुपाची धार सोडली, आणि आईविषयी काही न विचारता शेजारी बसून राहिली. मी ज्या कामासाठी तिथे गेलो, त्यापेक्षा हे माझ्या जास्त लक्षात आहे.

ऊन उतरताना लाइट आली. आमच्या जुन्या मशीनचा चक्कीचा आवाज सुरू झाला, तो त्या दिवशी मला सनईसारखा वाटला. हिरव्या अक्षरांत नावांची रांग आली. वैशालीचं बोट एका नावावर थांबलं. कुसुम तिला घरात ज्या नावानं हाक मारायची, त्याच नावानं ती पत्रिका ठेवलेली होती. वैशालीनं ती उघडून बघितली नाही. कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली, पुन्हा एकदा उतरवली, आणि फ्लॉपी टॉवेलात गुंडाळली.

निघताना गंगाधररावांनी आपट्याची पानं हातावर ठेवली. "सोनं घ्या सर. आन् पत्रिका धाडा बरं का. येवढा कुटाना करून काढल्याली पत्रिका, आमी बगायची तर हायच."

पुढचं पटकन सांगतो. रशीदभाईंनी नव्या मशीनमधून अक्षता चिमट्यानं काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. वैशालीनं टिंबांच्या जागी वराचं नाव आणि तारीख भरली, कागद छापला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुम्ही वाचून सही करा. मला वाचवत नाही."

मी चष्मा लावून वाचायला लागलो. कुलदैवताचं नाव बरोबर. मुलीचं नाव बरोबर. मुलाचं नाव, गाव बरोबर. पुढची ओळ आमच्या दोघांची. त्यात तिनं स्वतःचं नाव 'सौ. कुसुम' असं घातलं होतं. त्या 'सौ.'च्या जागी आता काय घालायचं असतं, ते सगळ्यांना माहीत असतं. वैशालीनं ते घातलं नव्हतं. 'सौ.'ही काढला नव्हता. माझं बोट त्या ओळीच्या खाली सरकलंच नाही. मग चष्म्याच्या काचा खराब झाल्या. त्या पुसल्या आणि खाली सही केली.

कागद प्रेसला गेला. पत्रिका आल्या, माझ्या मेहुण्यानं गावोगावी वाटल्या. एक पालमलाही गेली. बाजारात लोक मला बघून नेहमीपेक्षा जास्त हसायचे. मुलीचं लग्न आहे, लोकांना आनंद झालाय, असं मला वाटायचं. शाळेत हेडमास्तर म्हणाले, "सर, तुमचं मन मोठं आहे." मी म्हटलं, कसचं कसचं.

लग्नाच्या दिवशी मांडव भरलेला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि माइक शीळ घालायला लागला. कानात जाऊन बसेल अशी शीळ. मी शेजारीच उभा होतो. मुलीचा बाप, आणि समोर बिघडलेलं यंत्र. माझा हात आपोआप माइकच्या पेटीच्या बटणाकडे गेला.

कुणीतरी माझं मनगट पकडलं.

बघतो तर गंगाधरराव. तोच फेटा.

"सर, हात मागं घ्या," ते कानाशी म्हणाले. "पत्रिकेत लिवल्यालं हाय."

"काय लिहिलंय?"

त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'कृपया आहेर आणू नये' याच्याही खाली, बारीक अक्षरात, माझ्या सहीनं मंजूर होऊन, सगळ्या जिल्ह्यात वाटली गेलेली ती ओळ होती :

'विशेष सूचना : वधूपित्याच्या हाती कोणतेही यंत्र देऊ नये. चहा द्यावा.'

मी वर बघितलं. अंतरपाटाच्या अलीकडून वैशाली माझ्याकडे बघत होती. कुसुम त्या दिवशी हसली होती, अगदी तशी हसत होती.

नंतर मी तिला विचारलं, तू ती ओळ बघितली नव्हतीस का? म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही वाचूनच सही केलीत."

यजमानाची सही झाली की पुढची चूक यजमानाची. नियम मीच हजारदा ऐकलेला.

तर असं आहे. वैशाली सासरी गेली, क्लास आता तिची मैत्रीण चालवते, नवा कॉम्प्युटर पुढच्याच खोलीत आहे. खंडेनवमीची पूजा अजून मीच करतो. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, कोरड्या अक्षता लांबून टाकतो, आणि मागे वळतो तोवर क्लासमधली एखादी मुलगी कप घेऊन उभी असतेच.

"सर, चहा?"

मी घेतो.